गोवा मुक्त झाला, मग हाँगकाँग का नाही? १९६७ चं उत्तर

नमस्कार मंडळी! मकाव, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरची पोर्तुगीजांची तेव्हाची वसाहत, त्यावरच्या माझ्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: भारताने १९६१ मध्ये गोवा सोडवला, मग चीनने हाँगकाँग इंग्रजांकडे का राहू दिलं?

पार्श्वभूमी पटकन सांगतो. मे १९६७. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती पेटलेली. हाँगकाँगमध्ये प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात कामगारांचा वाद चिघळला आणि कम्युनिस्ट संघटना रस्त्यावर उतरल्या. मोर्चे, संप, मग बॉम्ब. ५१ जीव गेले.

आता ८ जुलै. शा ताऊ कोक या सीमेवरच्या गावात पलीकडून जमाव आला, मशीनगन चालली, पाच पोलीस मारले गेले. त्यातले दोघे पाकिस्तानी होते, घरापासून हजारो मैल लांब. मग तिथे ब्रिटिश सैन्याची गुरखा पलटण गेली.

इथेच कमेंटमध्ये लोक ठामपणे लिहितात, “चीनने हल्ला केला.” नाही हो! गोळी चीनच्या हद्दीतून आली, एवढ्यावरून हुकूम बीजिंगचा होता असं ठरत नाही. हाँगकाँगचे ब्रिटिश गव्हर्नर डेव्हिड ट्रेंच यांच्यापुढे कोडं होतं ते हेच. गोळीबारामागोमाग चीनचं सैन्य आत घुसलं का? नाही.

आता पाणी बघा. उन्हाळ्यात हाँगकाँगला चार दिवसांतून फक्त चार तास पाणी मिळत होतं. चीनकडून करारानुसार मिळणारं पाणी जूनअखेर संपलं होतं आणि जादा पाण्याच्या मागणीला बीजिंगने उत्तरच दिलं नाही. पण १ ऑक्टोबरला करारानुसार पाणी पुन्हा सुरू झालं. शहर गिळायचंच असतं, तर नळ कोण सोडेल?

आणि पैसा. चीनला परकीय चलन मिळायचं ते मोठ्या प्रमाणात हाँगकाँगमधूनच.

गोव्याचं उदाहरण देणाऱ्यांनी मकावही बघावं. डिसेंबर १९६६ च्या दंगलीनंतर, जानेवारी १९६७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरला माफीनाम्यावर सही करावी लागली. पोर्तुगीज पार वाकले होते, तरी चीनने मकाव घेतलं नाही. इंग्रजांनी मात्र वाकायचं नाही असं ठरवलं, हजारोंना अटक केली. कामगारांच्या मूळ तक्रारी खऱ्या होत्या, हे मला इथे सांगायलाच हवं.

पण ऑगस्टमध्ये लाम बन या रेडिओ निवेदकाला गाडीतच पेटवून दिलं गेलं. आंदोलकांवर टीका करायचा, एवढाच त्याचा गुन्हा. सामान्य लोकांची उरलीसुरली सहानुभूती तिथेच संपली. वर्ष संपता संपता बॉम्ब थांबले, तेही बीजिंगमधून चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी आवरा म्हटल्यावर.

हाँगकाँगचा मोठा भाग इंग्रजांना ज्याने मिळाला, त्या १८९८ च्या ९९ वर्षांच्या भाडेकरारावर विचारलेले प्रश्न पुढच्या भागात घेतो.