झुरका काय देतो?

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळी कुठल्याही ऑफिसबाहेरच्या टपरीकडे जरा नीट बघा. एक जण चार मित्रांत, हातात कटिंग, थट्टामस्करी करत सिगारेट पेटवतो. दुसरा बाजूला एकटाच उभा. साहेबांचा फोन आत्ताच ठेवलाय, कपाळावर आठ्या, आणि पहिला झुरका असा ओढतो की गाल आत जातात. दोघांनी सिगारेट घेतली एकाच पाकिटातून, सुट्टी. (महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, ते असो.) पण पहिल्याला तिच्याकडून मजा हवी आहे आणि दुसऱ्याला सुटका.

थॉमस ब्रँडन आणि टिमथी बेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली नेमकं हेच विचारलं. सिगारेट ओढल्यावर काय होईल असं तुम्हाला वाटतं? त्यांच्या प्रश्नावलीतून चार गट निघाले. एक तोट्यांचा, दुसरा चवीचा आणि मजेचा, तिसरा ताण नि उदासी हलकी होण्याचा, चौथा भूक आणि वजन आटोक्यात राहण्याचा. आपण बोलतो ते फक्त पहिल्याबद्दल. पाकिटावरचं चित्रही तेवढंच सांगतं. ओढणारा मात्र उरलेल्या तिघांसाठी ओढत असतो.

यात स्वभाव कुठे येतो? बोलक्या, माणसांत रमणाऱ्या लोकांत सिगारेटचं प्रमाण जास्त दिसतं, हे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी इंग्लंडमध्ये १९६० साली मांडलं. पुढे हेच आयझेंक तंबाखू कंपन्यांचे पैसे घेत होते हे उघड झालं, आणि स्वभाव व कर्करोग यांवरचे त्यांचे २६ शोधनिबंध लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१९ मध्ये विश्वासार्ह नाहीत असं ठरवलं. बोलक्या स्वभावाचा धागा मात्र इतरांच्या अभ्यासांतही सापडला. त्याच्या जोडीला दुसरा सापडला, चिंता करणाऱ्या स्वभावाचा. अशा माणसाची ‘सिगारेटने डोकं शांत होतं’ ही खात्री फार पक्की असते.

ही खात्री खोटी आहे असं त्याला सांगून बघा, तो हसेल. कारण त्याला अनुभव रोजचा आहे. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनएक तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड सुरू, लक्ष लागत नाही. पुढची सिगारेट पेटवली की हे सगळं थांबतं. आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेली तलफ पुढची भागवते, आणि श्रेय मात्र ‘ताण गेला’ म्हणून घेते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सिगारेट सोडून किमान सहा आठवडे झालेल्यांची चिंता, उदासी आणि ताण, तिन्ही कमी झालेले आढळले. ओढत राहिलेल्यांचे तसे झाले नाहीत.

आपल्याकडे आणखी एक समजूत आहे, ती त्या प्रश्नावलीत बसत नाही. सकाळी बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणणारे आजोबा घरोघरी असतात. मिश्रीशिवाय दात घासल्यासारखं वाटत नाही, म्हणणाऱ्या आज्याही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे-लावणारेच कितीतरी जास्त होते.

म्हणून घरातल्या कुणाला सोडवायचं असेल तर फुप्फुसांचं व्याख्यान राहू द्या. तुम्हाला यातून मिळतं काय, एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मित्रांत ओढणारा टपरीवरच्या गप्पांत घसरतो, त्याने काही दिवस चहाची जागा बदलावी. ताणासाठी ओढणाऱ्याचे पहिले काही दिवस सगळ्यात वाईट जातात. तो चिडेल, तेव्हा घरच्यांनी वाद वाढवू नये. बोलायला कुणी हवं असेल तर केंद्र सरकारची मोफत फोनसेवा आहे. नंबर लिहून घ्या: १८०० ११ २३५६. पुन्हा सांगतो, १८०० ११ २३५६.