समेवरची टाळी

[दृश्य: नागपूर, सिव्हिल लाइन्स. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहाचं आवार. डिसेंबरातली संध्याकाळ.]

निवेदन:
थंडी पडली की नागपुरात नाचाचे दिवस येतात. सभागृहाच्या पायऱ्यांवर शाली, स्वेटर, आणि त्यांच्या मधूनच लकाकणाऱ्या जरीच्या ओढण्या. तोंडात सेफ्टी पिना धरून मुलींच्या आया घाईघाईनं शेवटची चुणी बसवत असतात. एका कोपऱ्यात बारा-तेरा वर्षांची मुलगी जमिनीवर बसून घुंगरू बांधते आहे. जाड सुती दोरीत ओवलेली पितळेची घुंगरं. एका पायात शंभर, दुसऱ्या पायात शंभर. एकेक वेढा घट्ट ओढून ती घोट्यावर चढवते. शेवटची गाठ मारते आणि पाय हलकेच एकदाच आपटून बघते.

छन्न.

हा आवाज लक्षात ठेवा. पुढची काही मिनिटं आपण याच्याच मागे जाणार आहोत.

[दृश्य: रिकामा रंगमंच. मधोमध एकच दिवा.]

निवेदन:
सहा वर्षांपूर्वी माझी भाची अशाच एका रंगमंचावर उभी होती. आंतरशालेय नृत्यस्पर्धा होती, आणि एका वाहिनीसाठी तिचं चित्रीकरण चाललं होतं. चार कॅमेरे, एक मोठी क्रेन. मी तिसऱ्या रांगेत. पोरीनं कथकची तिहाई धरली. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका नेमका समेवर, म्हणजे तालाची फेरी जिथून सुरू होते त्या पहिल्या मात्रेवर, पहिल्या ठोक्यावर. तिची तिहाई दमदार होती, म्हणजे दोन बोलांच्या मध्ये दम घेणारी. ‘तिगधा दिगदिग थेई’ झालं की क्षणभर स्तब्ध. पुन्हा ‘तिगधा दिगदिग थेई’, पुन्हा स्तब्ध.

त्या स्तब्धतेत नाच थांबलेला नसतो. ती मोजलेली शांतता असते. मनातल्या मनात मात्रा चालू असतात. नाचणारीच्या, तबलजीच्या, आणि जाणत्या श्रोत्याच्याही.

पहिलाच दम आला, आणि कानाला हेडफोन लावलेल्या माणसानं रंगमंचाखालून दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी वाजवली. ती प्रेक्षकांसाठी खूण होती. अख्खं सभागृह कडाडलं. दुसरा ‘थेई’ टाळ्यांत गेला. तिसराही गेला. ती समेवर आली, मान वळली, हात छातीशी आला. सगळं दिसलं. ऐकू काहीच आलं नाही. त्या टाळ्यांमध्ये माझ्याही टाळ्या होत्या.

रविवारी तो कार्यक्रम लागला. घरात सगळे टीव्हीसमोर. शेजारच्या काकू, आजी, खाली बसलेली पोरं. तिहाई आली, टाळ्यांचा पाऊस पडला, सगळ्यांनी घरातही टाळ्या वाजवल्या. पोरगी गप्प. रात्री झोपताना तिनं मला विचारलं, “मावशी, माझी सम बरोबर आली होती ना?”

ती बरोबर होती की नाही, हे मला सांगता येईना. मी ऐकलीच नव्हती.

[दृश्य: धरमपेठेतला कथकचा वर्ग. फरशीवर अनवाणी पाय. गुरू मांडीवर हातानं ताल धरून पढंत करताहेत, म्हणजे बोल तोंडानं म्हणताहेत.]

निवेदन:
खरं तर टाळी नाचाला परकी नाही. ती त्याच्या घरातलीच आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा घ्या. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर टाळी, नववीवर खाली, म्हणजे हात नुसता उघडायचा, आणि तेराव्या मात्रेवर पुन्हा टाळी. गुरू समोर बसून हेच करत असतात. पोरी पायांनी ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ काढताहेत आणि गुरूंचा हात त्यांना आवर्तनात, म्हणजे तालाच्या फेरीत, त्या कुठे आहेत ते सांगतो आहे. टाळी वाजवायची जागा असते, तशीच न वाजवायचीही जागा असते. खालीला हात वाजला तर ताल चुकला.

जुन्या मैफलीतला श्रोता हे जाणून असे. समेवर मान हलायची, ‘वा’ निघायचं, एखादाच हात मांडीवर पडायचा. मधे कुणी बोलायचं नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात यासाठी एक अख्खा अध्याय दिला आहे, सिद्धीचा. प्रयोग यशस्वी झाला हे ओळखायचं कशावरून? एक मानुषी सिद्धी. प्रेक्षक हसतो, ‘साधु’ म्हणतो, ‘अहो’ म्हणतो, अंगावर काटा येतो, जागेवरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून देतो. दुसरी दैवी. जिथे आवाज नाही, चलबिचल नाही, काही उत्पात नाही आणि रंगमंडप भरलेला आहे, ती दैवी सिद्धी. तुडुंब भरलेलं आणि तरी निःशब्द सभागृह ही त्या शास्त्रात वरच्या पायरीची दाद आहे. त्याच अध्यायात प्रयोग मोडणाऱ्या विघ्नांची यादीही येते. वैर धरून आलेले लोक मोठ्यानं हसतात, ओरडतात, शेण आणि ढेकळं फेकतात, मुंग्यासुद्धा सोडतात. म्हणजे प्रेक्षकांचा आवाज हा विषय तेव्हाही इतक्या बारकाईनं पाहिला जात होता.

[दृश्य: सभागृहाची शेवटची रांग. तिथून दिसणारा रंगमंच, लहानसा.]

निवेदन:
आता इथे, शेवटच्या रांगेत या. रंगमंच इथून तीस मीटरवर आहे असं धरू. ध्वनी सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तिकडचा ठोका इथे पोचायला सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या भागाइतका वेळ लागतो. तो ऐकून इथला माणूस अगदी अचूक टाळी वाजवतो. ती टाळी परत रंगमंचावर जायला पुन्हा तेवढाच वेळ. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा चालल्या असतील, तर एक मात्रा पाव सेकंदाची. शेवटच्या रांगेची टाळी नाचणाऱ्याच्या कानात पडते तेव्हा ती जवळजवळ दोन तृतीयांश मात्रा मागे पडलेली असते. मधल्या रांगांची त्याहून कमी, पुढच्यांची आणखी कमी. शेकडो माणसं, प्रत्येकाची मात्रा वेगळी. नाचणाऱ्याच्या अंगावर जे येतं तो ठेका नसतो, ठेक्याचा चुरा असतो. ज्यांनी प्रेमानं ठेका धरला, त्यांचीच टाळी लय ओढून मागे नेते. तबल्याकडे कान लावून धरणारा पोक्त कलाकार तगतो. तेरा वर्षांच्या पोरीचं काय होत असेल, विचार करा.

टाळ्यांचा अभ्यास शास्त्रज्ञांनीही केला आहे. हंगेरी आणि रोमानियातल्या नाट्यगृहांमध्ये केलेली ध्वनिमुद्रणं तपासून लिहिलेला एक निबंध २००० साली ‘नेचर’मध्ये छापून आला. टाळ्या आधी सैरावैरा पडतात. मग आपोआप एका सुरात येतात, पण तसं होताना प्रत्येकजण आपला वेग साधारण निम्म्यावर आणतो. आपल्या भाषेत, दुगुणीतून, म्हणजे दुप्पट लयीतून, बरोबरीत येतो. वेग निम्मा झाला की एकूण आवाजही कमी होतो. लोकांना तो वाढवावासा वाटतो, ते हात भरभर चालवतात, आणि एकसूर पुन्हा मोडतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली आणखी एक गोष्ट दाखवली. टाळ्या सुरू होतात आणि थांबतात त्या आजूबाजूच्या टाळ्यांच्या आवाजानं. किती वेळ वाजतील, हे सादरीकरण किती चांगलं झालं यावर अवलंबून नसतं.

म्हणजे हेडफोनवाल्या एका माणसाचे दोन हात पुरतात.

[दृश्य: चित्रीकरणाची गाडी. आत पडद्यांची रांग, ध्वनिमिश्रणाचं टेबल.]

निवेदन:
तो माणूस वाईट नव्हता. तो त्याचं काम करत होता. टीव्हीवरचा नाच सलग चित्रित झाला तरी सलग दाखवला जात नाही. काही सेकंद कापली जातात, परीक्षकांचे चेहरे मध्ये येतात, आईच्या डोळ्यांतलं पाणी येतं. जिथे जोड दिला, तिथे आवाज तुटतो. त्यावर टाळ्या पसरल्या की जोड ऐकू येत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षकांकडून टाळ्या वाजवून घेतात. रंगमंच रिकामा असतो आणि लोक रिकाम्या रंगमंचाकडे बघून हसतात, टाळ्या देतात, उभे राहतात. पुढे त्या टाळ्या कुणाच्या नाचाला लागतील ते त्यांनाही माहीत नसतं.

हे सगळं टीव्हीनंच आणलं असंही नाही. सम्राट नीरोनं टाळ्या वाजवायला हजारो तरुण बाळगले होते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात पैसे घेऊन टाळ्या देणाऱ्यांच्या टोळ्या होत्या. त्यांच्यात हसणारे वेगळे, रडणारे वेगळे. अमेरिकेत १९५०च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं हसण्याच्या आणि टाळ्यांच्या आवाजांची पेटीच बनवली. कळ दाबली की प्रेक्षक हसे. आणि २०२० साली अमिरातीत आयपीएल झाली तेव्हा रिकाम्या मैदानांवरच्या सामन्यांना मुद्रित गर्जना जोडली जात होती, ते आपण सगळ्यांनी ऐकलं.

नाचाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. षटकार आवाजात बुडाला तरी षटकारच राहतो. कथकमध्ये पाय हेच वाद्य आहे. पाऊल किती दाबलं, टाचेवर घेतलं की पंजावर, यावर किती घुंगरं बोलतील ते ठरतं. शंभरातली दोन-चारच वाजवणं ही वर्षांची मेहनत असते. तबल्याशी सवालजबाब चालला आणि पायांचं उत्तर ऐकू आलं नाही, तर उरतो तो फक्त सवाल.

नागपुरातल्या एका ध्वनिसंयोजक काकांना मी हेच विचारलं. तीस वर्षं या शहरातली सभागृहं त्यांनी सांभाळली आहेत. ते म्हणाले, “ताई, तबल्याचा डग्गा वाचते. तो खालच्या पट्टीतला आहे. पण घुंगरू अन् टाळी दोन्ही वरच्या पट्टीत बसतात. मी घुंगरू वर घेतला का टाळी बी वर येऊन राहिली. लोकं टाळ्या वाजवून राहिले तं मी पोरीचे पाय कुठून आणू?”

मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या पालकांसाठी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला फार मोलाची वाटली. मोबाइलमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. टाळ्या कडाडल्या की ती आवाज दाबून टाकते. टाळ्या ओसरल्यावर पुन्हा वर यायला क्षणभर घेते. तेवढ्या क्षणात पुढच्या तोड्याची, म्हणजे पुढच्या तुकड्याची, उठान (सुरुवात) निघून गेलेली असते. म्हणून अमेरिकेतल्या मामाला भाचीचा नाच नेहमी मधूनच सुरू झाल्यासारखा दिसतो.

[दृश्य: गावाबाहेरचा मंडप. ढोलकी. रात्र.]

निवेदन:
यावरून कुणी असं समजू नये, की सगळीकडे तोंडावर बोट ठेवून बसावं. खडी गंमत या आपल्या विदर्भाच्या लोकनाट्यात ढोलकीसमोर प्रेक्षक गप्प बसला तर नाचणाऱ्याला वाटेल आपलंच काही चुकलं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्रभर नाटकं चालतात. तिथे शिट्टी, हाळी, वन्समोअर हे त्या खेळाचंच अंग आहे. लावणीत ढोलकीचा तुकडा संपतो, अदाकारी थांबते, ती थांबते ती शिट्टीसाठीच. तिथली शिट्टी जागेवर पडते. फड जाणणारा माणूस शब्दावर शिट्टी मारत नाही. रेशीमबागेतलं आपलं मोठं सभागृह ज्यांच्या नावानं आहे, त्या सुरेश भटांच्या गझलेला दाद मिळायची तीही शेर पुरा झाल्यावर. काफिया, म्हणजे यमक, पडायच्या आधी ‘वाहवा’ कोण म्हणेल?

मला टाळी हवी आहे. खच्चून हवी आहे. फक्त ती समेवर हवी.

चक्करांचं बघा. सत्तावीस चक्करांची तिहाई निघाली की तिसऱ्या चक्करीलाच टाळ्या सुरू होतात आणि सत्तावीसपर्यंत चालतात. लोकांना कौतुक आवरत नाही, ते मी समजू शकते. पण नऊ, नऊ आणि नऊ अशी ती बांधणी आहे. प्रत्येक नवव्या चक्करीला पाऊल पडतं, ते ऐकलं तर आकार कळतो. नाहीतर एक मुलगी खूप वेळ गरगर फिरली, एवढंच हाती लागतं.

[दृश्य: पुन्हा देशपांडे सभागृह. पडद्यामागे.]

निवेदन:
आज भाची एकोणीस वर्षांची आहे. आजचं चित्रीकरण आमचंच आहे, म्हणून काही गोष्टी आम्हाला ठरवता आल्या. काकांनी रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन चपटे माईक जमिनीसरसे ठेवले आहेत, फक्त पायांसाठी. प्रेक्षकांचा माईक वेगळ्या ध्वनिपट्टीवर आहे. कुणीही हात वर करून खूण करणार नाही. सुरुवातीला गुरूंनी माईकवरून एवढंच सांगितलं, “तिहाईचा बोल तीन वेळा येईल. तिसरा आमचा झाला की पुढचं सगळं तुमचं.”

शेवटच्या रांगेत एका आजोबांनी नातवाचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले आहेत.

तिनं तीच तिहाई घेतली आहे, दोन दम असलेली. आता मी बोलणं थांबवते.

[निवेदन बंद. पार्श्वसंगीत नाही. फक्त जमिनीवरच्या माईकचा आवाज.
तिगधा दिगदिग थेई.
दम.
तिगधा दिगदिग थेई.
दम. सभागृहात कुणीतरी श्वास आत घेतल्याचं ऐकू येतं.
तिगधा दिगदिग थेई. सम.
घुंगरांचा शेवटचा छन्नकार विरेपर्यंत दृश्य तसंच. मग प्रेक्षकांचा माईक उघडतो.]