कड्यावरून दिसणारी वाय नदी

वेल्समधल्या चेपस्टो गावाच्या उत्तरेला, वाय नदीच्या पश्चिम तीरावर, चुनखडकाचे उभे कडे आहेत. त्यांच्या माथ्यावरून जाणारी पायवाट गर्द झाडीतून पुढे सरकते आणि बराच वेळ नदीचे दर्शन घडू देत नाही. मग अचानक झाडी संपते, लोखंडी कठडा आडवा येतो आणि त्यापलीकडे सुमारे ५५ मीटर खोल नुसती पोकळी उरते. या जागेला ‘लव्हर्स लीप’, म्हणजे प्रेमिकांची उडी, असे नाव आहे.

नदीचे हे अवचित दिसणे योजून घडवलेले आहे. १७५० च्या दशकात पियर्सफील्ड इस्टेटीचा मालक व्हॅलेंटाइन मॉरिस याने कड्यांच्या माथ्यावरून वाटा काढल्या आणि प्रत्येक थांब्यावरून नदीचे वेगळे रूप दिसेल, अशा बेताने त्या फिरवल्या. एके ठिकाणी वाट थेट खडकात कोरलेल्या गुहेतून जाते. तिच्या तोंडावर शिळा उगारलेला एक दगडी राक्षस असे. पुढे त्याचे हातच निखळून पडले. मॉरिस स्वतः लव्हर्स लीपवरून घसरला आणि झाडात अडकून वाचला, अशी एक दंतकथाही सांगितली जाते.

या वाटांवर खर्च झालेला पैसा मात्र दंतकथेतला नव्हता. मॉरिसचा जन्म अँटिग्वा बेटावरचा, आणि घराण्याची संपत्ती गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या उसाच्या मळ्यांतून आलेली. कर्जबाजारी होऊन त्याने १७७२ मध्ये पियर्सफील्ड सोडले. पुढे १८०२ मध्ये ही इस्टेट विकत घेणारा नॅथॅनियल वेल्स हा सेंट किट्स बेटावरच्या एका मळेवाल्याचा आणि त्याच्याच गुलाम स्त्रीचा मुलगा होता. १८१८ मध्ये तो मॉनमथशरचा शेरीफ झाला; वारशाने मिळालेल्या मळ्यांवरच्या गुलामांचा मालकही तोच होता, हे येथे सांगायलाच हवे.

गंमत अशी की, ‘पिक्चरेस्क’, म्हणजे चित्रात शोभावे अशा, निसर्गाची चर्चा ज्याच्या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचली, त्या विल्यम गिल्पिनलाच ही दृश्ये त्या कसोटीला उतरणारी वाटली नाहीत. १७७० मध्ये तो वायच्या खोऱ्यात हिंडला आणि १७८२ मध्ये त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. पियर्सफील्ड रमणीय आहे, पण दृश्ये फार उंचावरून दिसतात, असा त्याचा आक्षेप होता. चित्रकाराच्या दृष्टीने तो समजण्यासारखाही आहे, कारण इतक्या उंचीवरून पाहिले की समोरच्या गोष्टी सपाट होतात. नदीच्या चिखलाळ काठांबद्दलही त्याची नाराजी होती.

आज इस्टेटीच्या एका भागात १९२६ पासून घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आहे आणि जुन्या हवेलीच्या छप्पर नसलेल्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. समुद्राची भरती वायमध्ये येथवर पोहोचते. ओहोटी लागली की कठड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला खाली तोच चिखल दिसतो, उन्हात चकाकणारा, गिल्पिनला न आवडलेला.