गुरं वळणारं कुत्रं

नमस्कार, श्रोतेहो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या सगळ्या शेतकरी भावांना आणि मायबहिणींना रामराम.

आज बोलायचं आहे गुरं वळणाऱ्या कुत्र्याबद्दल. दारात बांधून ठेवलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल नव्हे. कळपामागं गुमान चालणारं, फुटलेली गाय वळवून आणणारं आणि मालकाच्या एका शिट्टीवर जागच्या जागी थांबणारं कुत्रं असतं, त्याच्याबद्दल.

गावाची गुरं एकत्र चारायला नेणारा गुराखी आता बऱ्याच गावांत मिळत नाही. पोरं शाळेत जातात, आणि त्यांनी गेलंच पाहिजे. मग घरातलं एखादं म्हातारं माणूस काठी टेकत दहा-पंधरा ढोरं घेऊन निघतं. वाटेच्या एका अंगाला कपाशी, दुसऱ्या अंगाला केळी. रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात तर गाडवाटेला लागूनच बागा आहेत. एका गाईनं तोंड घातलं की भांडण, आणि भांडण वाढलं की कोंडवाडा. त्याहून मोठा धोका ज्वारीचा. पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी असो, नाहीतर कापणीनंतर खुंटांना फुटलेले हिरवे धुमारे असोत, त्यांच्यापासून जनावराच्या पोटात सायनाइडचं विष तयार होतं. भुकेल्या गाईनं ते अधाशासारखं खाल्लं की ती धापा टाकते, थरथरते, आडवी होते. याला आपण किराळ लागणं म्हणतो, आणि पुष्कळदा डॉक्टर पोचेपर्यंत जनावर हातचं गेलेलं असतं. सत्तरीच्या माणसानं धावत जाऊन अशी गाय कशी वळवायची? तिथं कुत्रं उपयोगी पडतं, आणि म्हणूनच हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

गाय आणि कुत्रं यांची जोडी आपल्याला परकी नाही. दत्ताच्या तसबिरीत दोघं शेजारी असतात, हे सारंगखेड्याच्या यात्रेला जाणाऱ्यांना मी काय सांगावं! आपल्याकडच्या मेंढरं पाळणाऱ्या ठेलारी भावांच्या वाड्यावर तर कुत्र्याशिवाय रात्र निघत नाही. पण ते कुत्रं राखणीचं. ते पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढतं, मेंढरांना आपलं मानतं आणि लांडगा आला की मधे उभं राहतं. मेंढरं हाकणं हे त्याचं काम नव्हे. वळणाऱ्या कुत्र्याचा स्वभाव निराळा. नजर रोखणं, दबकत जाणं, लांबून वळसा घालणं हे सगळं त्याच्याकडे शिकारीतूनच आलेलं आहे. मात्र शेवटचा घाव घालण्याची ओढ माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कमी करत आणली. म्हणून रात्री राखण आणि दिवसा वळण, अशी दोन्ही कामं एकाच कुत्र्यावर लादू नका.

बाहेरच्या देशांत हे शास्त्र चांगलंच मुरलेलं आहे. वेल्समधल्या बाला या गावी १८७३ साली मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या चाचण्या झाल्या. पुढं १८९३ साली इंग्लंडच्या उत्तर सीमेवर ‘ओल्ड हेम्प’ नावाचा एक नर जन्माला आला. तो आवाज न करता नुसत्या नजरेनं मेंढ्या हलवायचा, आणि आजच्या बॉर्डर कॉली कुत्र्यांचा तो मूळ पुरुष मानला जातो. गुरांसाठी मात्र जरा दणकट जात लागते. ऑस्ट्रेलियात थॉमस हॉल या पशुपालकानं १८४० च्या दशकात इंग्लंडहून आणलेली गुरं हाकणारी कुत्री आणि तिथला रानटी डिंगो यांचा संकर केला. त्यातून पुढं खुराजवळ हलकं तोंड लावून गाय चालवणारी ‘हीलर’ जात आली. आपण पोलिसांचा म्हणून ओळखतो तो अल्सेशियनसुद्धा मुळात मेंढपाळाचाच. आखूड पायांचा कॉर्गी वेल्समध्ये गुरं हाकायचा, आणि बुटका असल्यामुळे गाईची लाथ त्याच्या डोक्यावरून जायची.

आता कामाचं बोलू. कुत्रं भुंकून किंवा चावून गुरं वळवतं अशी पुष्कळांची समजूत आहे. खरं काम चालतं ते अंतरावर.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही तो फक्त शेपटीच्या थेट मागचा अरुंद पट्टा. त्या पट्ट्यातून कुत्रं आलं की गाय दचकते, लाथ झाडते किंवा गर्रकन फिरते. शिवाय प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं रिंगण असतं. कुत्रं रिंगणाबाहेर असेल तोवर गाय चरत राहते, फार तर मान वर करून बघते. ते कडेवर आलं की ती चालू लागते. आत घुसलं की ती उधळते, नाहीतर उलटून शिंगं रोखते. कुत्र्यानं त्या कडेवर राहून काम करायचं असतं. रोज धारेला हात लागणाऱ्या गाईचं रिंगण अगदी लहान, रानात वाढलेल्या कालवडीचं मोठं. आपली तापी खिल्लार तापट, चपळ, लांब शिंगांची आणि परक्याचा भरवसा न धरणारी, तेव्हा तिच्यापासून कुत्र्यानं आणखी लांबच राहावं.

दुसरी खूण खांद्याची. कुत्रं गाईच्या खांद्याच्या मागच्या बाजूनं जवळ आलं की ती पुढं जाते. खांद्याच्या पुढून आलं की थांबते किंवा मागं वळते. हे गुराख्याला न शिकवताच ठाऊक असतं, काठी घेऊन तो हेच करतो. चांगल्या कुत्र्याला ते उपजत कळतं. आणखी एक गोष्ट त्याच्या अंगातच असते. घड्याळाच्या तबकडीवर मालक सहाच्या आकड्यावर उभा असेल तर कुत्रं कळपाला वळसा घालून बाराच्या आकड्यावर जातं आणि गुरं मालकाकडे आणतं. म्हणून ते ‘आणणं’ लवकर शिकतं. गुरं मालकापासून दूर नेणं त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे, ते सावकाश, नंतर शिकवावं लागतं. तोवर सोपा मार्ग असा की मालकानं पुढं चालावं, गुरं मधे आणि कुत्रं मागं.

गाय हवी तशी वळली की कुत्र्यानं त्याच क्षणी थांबलं पाहिजे, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. मागचा रेटा सुटला, एवढंच गाईला बक्षीस लागतं. ती ते लक्षात ठेवते, आणि पुढच्या वेळी कुत्रं नुसतं दिसलं तरी वळते. रेटा सुटलाच नाही तर, वळलो तरी पिच्छा सुटत नाही, हे ती शिकते. मग ती कुत्र्यावर शिंग उगारू लागते. कुत्रं शिकवताना आपण गुरांनाही शिकवत असतो.

त्यामुळे पिल्लाला पहिला धडा ‘थांब’चा. दुसरा, हाक मारली की परत येण्याचा. हे दोन पक्के होईपर्यंत त्याला गुरांवर सोडूच नका. साधारण आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आणावं, गोठ्याच्या आसपास वाढवावं, पण गुरांत एकटं मोकळं ठेवू नये. लाथ खाल्लेलं पिल्लू एकतर जन्मभर बिचकतं किंवा चवताळून चावरं होतं. वर्षाच्या आतबाहेर, अंगानं आणि डोक्यानं जरा भरल्यावर, लांब दोर बांधून चार-पाच शांत कालवडींवर सुरुवात करा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. डावीकडून वळसा आणि उजवीकडून वळसा यांना दोन वेगळे शब्द ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. बैल हाकायला, थांबवायला ज्या हाका तोंडात बसल्या आहेत त्या मात्र कुत्र्यासाठी घेऊ नका, दोघांचाही घोटाळा होतो. लांबच्या कामाला शिट्टी बरी. वाऱ्यात शब्द विरतो, शिट्टी पोचते आणि शिट्टीत राग उमटत नाही.

काही जनावरांजवळ कुत्रं न्यायचंच नाही. नुकती व्यालेली गाय किंवा म्हैस वासराजवळ कुत्रं आलं की अंगावर जाते, आणि त्यात तिचा काही दोष नाही. गाभण जनावराला पळवू नये. कास, सड, शेपूट इथं तोंड घालणाऱ्या कुत्र्याला ताबडतोब कामावरून काढा. पावसाळ्यात लहानशा चाव्यावरही माशी बसते आणि अळ्या पडतात. धारेआधी घाबरलेली गाय पान्हा चोरते, दुधाचं नुकसान त्याच दिवशी चरवीत दिसतं. पश्मी, मुधोळसारखी शिकारी कुत्री या कामाला घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पळणारी वस्तू दिसली की मागं सुटणं हीच त्यांची खासियत, मग वासरू काय आणि ससा काय.

मग कोणतं कुत्रं घ्यावं? नुसती विलायती जात बघून पैसे घालू नका. भुसावळ-जळगावचा मे महिना आठवा. पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं. दाट केसांची कॉली त्या उन्हात गुरांमागं धावली तर उष्माघातानं जाईल. आखूड केसांचं, मध्यम बांध्याचं, ज्याचे आईबाप गुरांत-मेंढरांत नांदले आहेत असं गावठी पिल्लू मी आधी बघेन. त्यातलं प्रत्येक पिल्लू वळणारं निघेल असं नाही. जे पिल्लू कोंबड्यांकडे टक लावून, मान खाली घालून वळसा घेतं, ते हेरावं. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर. दुपारी सावली आणि पाणी, गुरांना जेवढं तेवढंच त्यालाही.

आता आजारांचं. हे कानाआड करू नका. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पुढं डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. रेबीज गुरांनाही होतो आणि एकदा लक्षणं दिसली की त्यावर इलाज नाही. माणसाला कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला दवाखाना गाठा. तिखट, चुना, तेल काही लावू नका. दुसरं, गाय व्याल्यावर पडलेली वार कुत्र्याला खाऊ देऊ नका. गाभडलेलं वासरूही नाही. दोन्ही खोल पुरा. निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म जीव त्या मार्गानं कुत्र्यात जातो, कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्या-पाण्यात उतरतो आणि गाभण गाई गाभडतात. म्हणून कडब्याच्या गंजीवर, गव्हाणीत, हौदाजवळ कुत्र्याला बसू देऊ नका. तिसरं, मेलेल्या जनावराचं कच्चं काळीज, फुप्फुस त्याला घालू नका. त्यातून फीतकृमी होतो, आणि त्याची अंडी पोटात गेली की माणसाच्या काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याच्या गाठी होतात. लेकरं कुत्र्याशी खेळतात. जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरावीक काळानं द्याच, आणि खेळून आलेल्या लेकरांचे हात साबणानं धुवा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या भावांसाठी आणखी थोडं. बिबट्या गाईच्या आधी कुत्र्यावर झडप घालतो, तीही बहुधा गळ्यावर. दिवस मावळला की वळणारं कुत्रं बंद दाराच्या आत घ्या. दारात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. राखणीचं कुत्रं बाहेर ठेवणार असाल तर त्याच्या गळ्यात टोकं बाहेर काढलेला खिळ्यांचा रुंद पट्टा घाला आणि एकाऐवजी दोन कुत्री ठेवा. पिल्लू घेण्याआधी त्याला तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्या, लसीची तारीख तिथंच लिहून मिळेल.

नमस्कार.