फायर डोअर किती मिनिटांचं घ्यायचं? लातूरच्या हॉस्टेल आणि हॉस्पिटलवाल्यांसमोर झालेलं बोलणं

नमस्कार मंडळी. इथं हॉस्टेलवाले बसलेत, डॉक्टर हायेत, दोन-चार बिल्डर पण दिसायलेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मला सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच प्रश्नाचे, सर 60 मिनिटांचं फायर डोअर, म्हणजे आग अडवणारं दार, बसवू का 120 चं, आणि रेटमध्ये फरक किती. रेट सांगतो की, पण आधी मी विचारतो दार लागणार कुठं, भिंत कशाची हाय आणि दाराच्या मागं झोपतंय कोण. ते कळल्याशिवाय मिनिटं ठरवताच येत नाहीत बघा.

उंच बिल्डिंगमध्ये जिना आणि लिफ्ट लॉबीच्या तोंडाशी 120 मिनिटांचं दार लागतं, नॅशनल बिल्डिंग कोड 2016 तेच सांगतो, तिथं घासाघीस करू नका. कारण जिना म्हणजे धूर वर ओढणारी चिमणी होते, आणि खाली उतरायला लेकरांना तेवढीच एक वाट असते. गोंधळ होतो कॅटलॉगमुळं. अमेरिकन कॅटलॉगात दोन तासांच्या भिंतीला 90 मिनिटांचं दार दिसतं, तिकडचा हिशोब तसाच हाय, पण इथं फायर ऑफिसर आपला कोड बघणार.

आता मिनिटं म्हणजे काय, हे नीट ऐका. टेस्टच्या भट्टीत एका तासाला साधारण 945 अंश सेल्सिअस होतं, दोन तासाला 1050 च्या आसपास. तेवढा वेळ दारातून ज्वाळा पलीकडं गेल्या नाहीत तर ती झाली इंटिग्रिटी. इन्सुलेशन वेगळं, म्हणजे पलीकडची बाजू किती तापली, सरासरी 140 अंशांपेक्षा जास्त तापमान वाढायला नको. साध्या स्टीलच्या दाराला इंटिग्रिटी 120 असेल पण इन्सुलेशन फारच कमी, आणि त्याला चिटकूनच जर पोरं रांगेनं जिना उतरणार असतील तर ते दार चालणार नाही, म्हणून कोटेशनवर दोन्ही आकडे लिहून मागा.

आणि धूर. आगीत माणसं भाजून कमी, गुदमरून जास्त जातात. एप्रिल 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरला छावणीत खाली टेलरिंगचं दुकान पेटलं, वर राहणारी सात माणसं गेली, गुदमरून. चौकटीत जी पट्टी असते ती उष्णता लागल्यावर फुगते, सुरुवातीचा थंड धूर तिच्या शेजारून खुशाल आत येतो, त्यासाठी स्मोक सील, म्हणजे धूर अडवणारी पट्टी, वेगळी सांगावी लागते, ते कुणी सांगतच नाही.

हॉस्पिटलवाल्यांनो, तुमचा पेशंट चालत नाही. आयसीयूतला माणूस जिन्यानं उतरवायचा नसतो, त्याला बेडसकट शेजारच्या कप्प्यात, म्हणजे आग अडवणाऱ्या भिंतीपलीकडं त्याच मजल्यावर, न्यायचं असतं, म्हणून मधलं दार रुंद आणि मजबूत पाहिजे, व्हेंटिलेटर काढून माणूस हलवायला वेळ लागतो ना. नगरच्या सिव्हिलला नोव्हेंबर 2021 मध्ये आयसीयूत आग लागली, 11 पेशंट गेले. कोविडचा वॉर्ड होता तो.

हॉस्टेलचं दुखणं वेगळंच. 24 मे 2019 ला सुरतेत क्लासला आग लागून 22 पोरं गेली. आपल्या लातूरला तर गावोगावची लेकरं शिकायला येतात, आईबाप आपल्या भरवशावर सोडून जातात, म्हणून मी कळकळीनं सांगायलो की दार नुसतं विकत घेऊन भागत नाही. चौकट, बिजागरी, दार आपोआप मिटवणारा क्लोजर, काच, लॉक सगळं मिळून टेस्ट झालेलं असतं. बसवताना मिस्त्री चौकटीच्या मागं पिवळा साधा फोम भरतो, दोन तासांच्या दाराची मिनिटं तिथंच संपतात. नंतर कुणीतरी जास्तीची कडी बसवायला भोक पाडतो. पेंटर दाराच्या रेटिंगच्या लेबलवरून ब्रश फिरवतो आणि रेटिंग काय होतं हे तपासायला कागदच राहत नाही. आणि हवा यावी म्हणून पोरं दाराला वीट लावतात, त्यांना रागावून उपयोग नाही, दार उघडंच लागत असेल तर अलार्मला जोडलेलं मॅग्नेट बसवा, अलार्म वाजला की ते दार सोडतं.

फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा नीट चालते असं लायसन्सवाल्या एजन्सीचं सर्टिफिकेट, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचाच असतो तुम्हाला. यावेळी एजन्सीचा माणूस आला की त्याच्यासोबत मजल्यामजल्यावर फिरा, प्रत्येक दार पूर्ण उघडून हात सोडा, आपोआप मिटून लॅच लागतं का बघा, फटीत दोन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त जागा दिसली तर लिहून घ्या आणि दुरुस्ती झाल्यावरच कागद पुढं पाठवा. आता विचारा काय विचारायचं ते.