पॉइंट कुणाच्या खिशातून येतात?

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी बाहेर चहा घेताना एक ताई भेटल्या. शाळेत शिकवतात. म्हणाल्या, "सर, माझ्या भावाला क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर मिक्सर आला. त्याच बँकेचं डेबिट कार्ड मी पंधरा वर्षं वापरतेय, मला साधा चमचा आला नाही. हा काय न्याय?"

आयोजकांनी पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापलाय, पण बोलायचंय ते ताईंच्या या प्रश्नावरच. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कार्डं विकायचं टार्गेट मलाही असायचं आणि ते मी पूर्णही केलंय. तेव्हा आज जे सांगतोय ते काउंटरच्या आतून बघितलेलं आहे, आणि त्यातलं थोडं माझ्या अंगावरही येतं.

आधी नवी पेठेत चला. गेल्या वर्षी पुतणीचं लग्न होतं. आहेराला चादरी घ्यायला आम्ही दोघं गेलो. बाहेरगावचे पाहुणे म्हटल्यावर सोलापूरकर दुसरं काय देणार? बिल झालं बारा हजार. मी क्रेडिट कार्ड काढलं, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, कार्ड असंल तर दोन टक्के वर पडतात बघा." बायको म्हणाली, "मग रोख द्या की." पण माझ्या डोक्यात पॉइंट. दिले दोनशे चाळीस जास्त. रिक्षात बसल्यावर हिशेब केला. माझ्या कार्डावर त्या खरेदीचे मिळणार होते एकशे वीस रुपयांचे पॉइंट. एकशे वीस मिळवायला दोनशे चाळीस मोजणारा हा बँकेतला निवृत्त अधिकारी!

आता हे दोन टक्के काय आहेत ते बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. तुम्ही कार्ड घासता तेव्हा दुकानदाराला पूर्ण बारा हजार मिळत नाहीत. त्यातून एक तुकडा कापला जातो. त्याला एमडीआर म्हणतात, म्हणजे दुकानदाराने सोसायची कपात. त्यातला काही भाग मशीन देणाऱ्या बँकेला, काही कार्डाच्या नेटवर्कला, म्हणजे व्हिसा, रुपे अशा व्यवहार जोडून देणाऱ्या कंपन्यांना, आणि मोठा हिस्सा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. पॉइंट येतात ते या शेवटच्या हिश्शातून. बँक तुम्हाला बक्षीस देते म्हणतात. खरं तर ती दुकानदाराच्या गल्ल्यातून घेतलेल्यातलं थोडं तुमच्या हातावर ठेवते.

मग डेबिट आणि क्रेडिटमध्ये फरक कुठे पडतो? क्रेडिट कार्डाच्या कपातीवर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. ती साधारण दीड-दोन टक्क्यांच्या आसपास असते, कधी जास्तही. डेबिट कार्डाला मात्र वेसण आहे. १ जानेवारी २०१८ पासून नियम असा की, वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराकडून जास्तीत जास्त ०.४० टक्के घ्यायचे, त्याहून मोठ्याकडून ०.९० टक्के. वर एका व्यवहाराला लहानाकडून २०० आणि मोठ्याकडून १,००० रुपयांच्या पुढे जायचं नाही.

आता आमच्या चादरी घ्या. बारा हजारांवर क्रेडिट कार्डाचे दोन टक्के म्हणजे २४० रुपये. त्यातून मला १२० दिले तरी वाटेकऱ्यांना १२० उरतात. तेच डेबिट कार्डावर मोठ्या दुकानात १०८ रुपये, लहान दुकानात ४८. त्या १०८ मध्ये तीन वाटेकरी. त्यातून बँक मला १२० कुठून देणार?

आणि ताई, तुमचं कार्ड रुपे असेल, तर गोष्ट आणखी सोपी आहे. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर दुकानदाराकडून एमडीआर घ्यायचाच नाही, असा नियम झाला. कपात शून्य. शून्याच्या वाटण्या किती जणांत करणार? यात दुकानदाराचा फायदा आहे आणि तो झाला याचा मला आनंदच आहे. आपल्या गावातला चटणीवाला, भाजीवाला क्यूआरचा पुठ्ठा टांगून बसलाय तो त्यामुळेच.

हे फक्त आपल्याकडेच झालंय असं नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्यातल्या एका दुरुस्तीने मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डाच्या शुल्काला लगाम घातला. २०११ च्या ऑक्टोबरपासून तो लागू झाला आणि तिथल्या कित्येक मोठ्या बँकांनी डेबिट कार्डावरची बक्षिसं गुंडाळली. दहा अब्ज डॉलरपेक्षा कमी मालमत्ता असलेल्या बँकांना त्यातून सूट होती, म्हणून काही लहान बँकांत ती टिकली. पाणी वरून बंद झालं की खालच्या नळाला येत नाही, हे सोलापूरकरांना मी समजावून सांगायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. डेबिटवाल्यांनाही एकदा मोठं बक्षीस लागलंय, आणि तेही आपल्या जवळच्या लातूरला! नोटाबंदीनंतर सरकारने लकी ग्राहक योजना काढली होती, २५ डिसेंबर २०१६ ते १४ एप्रिल २०१७. लातूरच्या एका विद्यार्थिनीने रुपे कार्डाने मोबाइलचा हप्ता भरला होता, १,५९० रुपयांचा. तिला एक कोटी लागले. पण ते पैसे एमडीआरमधून आलेले नव्हते, सरकारी योजनेतले होते. अशी लॉटरी रोज निघत नाही.

हा झाला पहिला खिसा, दुकानदाराचा. दुसरा खिसा जास्त खोल आहे.

इथे यंत्रमागाच्या घरातली माणसं असतील, त्यांना एक शब्द सांगतो आणि तुम्हाला सगळं कळेल. डेबिट कार्ड म्हणजे हप्ता, आठवड्याची मजुरी. आठवडाभर राबलात, पैसे आले, ते खर्चले. क्रेडिट कार्ड म्हणजे उचल. मालक हसत हसत उचल देतो, पण ती फिटेपर्यंत माणूस कुठे जाऊ शकत नाही. बँकेची उचल वेळेत पूर्ण फेडली, तर ती पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी असते. जगात दुसरं कुणी असं देत नाही, हे मान्य. पण बिलावर खाली बारीक अक्षरांत एक आकडा असतो, मिनिमम ड्यू, म्हणजे या वेळी कमीत कमी एवढे तरी भरा असा. सगळा सापळा त्या आकड्यात आहे.

समजा, दिवाळीत चाळीस हजारांची खरेदी झाली. एक टक्का परतावा देणारं बऱ्यापैकी कार्ड आहे, म्हणजे कमाई चारशे रुपये. बिल आलं, त्यात मिनिमम ड्यू पाच टक्के, म्हणजे दोन हजार. माणूस म्हणतो, वा, दोनच हजार मागतायत. भरून टाकतो. उरले अडतीस हजार. महिन्याला साडेतीन टक्के हा नेहमीचा दर धरा. एका महिन्याचं व्याज १,३३०. त्यावर अठरा टक्के जीएसटी, २३९. झाले १,५६९. चारशे मिळवले, पंधराशे एकोणसत्तर घालवले, तेही एकाच महिन्यात. आणि व्याज बिलाच्या शेवटच्या तारखेनंतर सुरू होतं असं समजू नका, ते खरेदीच्या दिवसापासून लागतं. वर जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. आज घेतलेल्या कडक भाकरीच्या पाकिटालासुद्धा आजपासून व्याज.

महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. वर्षाला तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे आता तुम्हाला सांभाळायला तुमची बिल भरायची तारीखच. बँकेत असताना मी बघायचो, जो ग्राहक दर महिन्याला पूर्ण बिल भरतो त्याच्याकडून या व्याजातला एक रुपया येत नसे. ताईंच्या भावाच्या मिक्सरला हातभार लावतो तो मिनिमम ड्यू भरणारा कुणीतरी.

पॉइंटांच्या किमतीबद्दल थोडं. 'पॉइंट' हा शब्द मुद्दाम घेतलेला आहे, कारण रुपया म्हटलं की माणूस मोजतो. कित्येक साध्या कार्डांवर शंभर रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटाची किंमत पंचवीस पैसे. चाळीस हजारांना चारशे पॉइंट, म्हणजे शंभर रुपये. काही कार्डांवर ते पॉइंट वापरायला पुन्हा ९९ रुपये शुल्क आणि वर जीएसटी, एकूण ११७. शंभराची वस्तू आणायला ११७ रुपये भाडं! हसताय, पण अशी तक्रार घेऊन माझ्यासमोर माणूस बसलेला आहे, आणि नियमाच्या कागदावर बोट ठेवून त्याला परत पाठवणाराही मीच होतो. घरभाडं आणि वॉलेट भरणं यांवर बऱ्याच कार्डांना पॉइंट नसतात, तेही बघून घ्या.

कार्डावर विमानतळावरचं लाउंज फुकट मिळतं म्हणतात, त्याबद्दल मी बोलणार नाही. आपण सिद्धेश्वर एक्सप्रेस धरणारी माणसं.

आता डेबिट कार्डाच्या बाजूने जे बोलायचंय ते. इथे मी जरा थांबणार आहे.

बऱ्याच डेबिट कार्डांवर अपघाती विमा असतो. फुकट. जन-धन खात्याच्या रुपे कार्डावर एक लाखाचा, आणि खातं २८ ऑगस्ट २०१८ नंतरचं असेल तर दोन लाखांचा. अट एकच मोठी आहे: अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत ते कार्ड एकदा तरी चाललेलं असलं पाहिजे, एटीएमवर, दुकानात, गावात बँकेची कामं करणाऱ्या बँक मित्राकडे, कुठेही.

एक बाई आली होती माझ्याकडे. विड्या वळणारी. नवरा मागावर होता, रात्रपाळीहून सायकलवर येताना ट्रकने उडवला. कुणीतरी तिला सांगितलं होतं की कार्डावर विमा असतो. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात रेशन कार्ड, लाइट बिलं, आणि नवऱ्याच्या कार्डाचा बँकेचा लिफाफा. लिफाफा फोडलेलाच नव्हता. कार्ड आत चिकटवलेलं होतं तसंच, पिनचा कागदही सीलबंद. तिने ते जपून ठेवलं होतं, हरवू नये म्हणून. मी मुंबईला तीन वेळा लिहिलं. काही झालं नाही. हे सगळं पुरवणाऱ्या माणसांनी, म्हणजे आम्हीच, कार्ड देताना तिला एक वाक्य सांगितलं असतं तर! पण कार्डं वाटायचं टार्गेट होतं, वाक्यं सांगायचं नव्हतं.

जन-धन सोडून इतर डेबिट कार्डांच्या अटी निराळ्या आहेत. कित्येक ठिकाणी एटीएममधून पैसे काढलेले चालत नाहीत, दुकानात किंवा ऑनलाइन खरेदीच लागते, मुदतही तीस दिवसांपासून नव्वद दिवसांपर्यंत काहीही असू शकते. शाखेत जा, आपल्या कार्डाची अट लेखी मागा. नॉमिनी लावलाय का तेही विचारा. आणि घरी कुणाला तरी सांगून ठेवा, कारण क्लेम करायला तुम्ही स्वतः जाणार नाही आहात.

क्रेडिटच्या बाजूचे दोन मुद्दे प्रामाणिकपणे सांगतो. एक, सिबिलचा स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँक बघते तो आपल्या पतीचा आकडा, डेबिट कार्डाने तयार होत नाही, कितीही घासलंत तरी. उद्या घराचं कर्ज हवं असेल तर वेळेवर फेडलेली उचल कामी येते. पगाराची स्लिप नसेल तर एफडीवर कार्ड मिळतं. दोन, फसवणूक झाली तर डेबिट कार्डावर तुमचे स्वतःचे पैसे गेलेले असतात, क्रेडिटवर बँकेचे. कार्ड कोणतंही असो, तुमची चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर भुर्दंड तुमच्यावर नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. ओटीपी स्वतःच सांगितलात तर मात्र तो नियम मदतीला येत नाही.

आणि दुकानदार डेबिट कार्डावर दोन टक्के वर मागत असेल तर देऊ नका. डेबिट कार्डाची कपात ग्राहकावर ढकलायची नाही, हे बँकांनी दुकानदारांना बजावायचं आहे, असं रिझर्व्ह बँकेने लिहून दिलेलं आहे.

आता प्रश्न. हो, मागच्या रांगेतले काका विचारतायत, "तुम्ही स्वतः काय वापरता?" वाजवी प्रश्न आहे. क्रेडिट कार्ड एक ठेवलंय. लाइट बिल, गॅस आणि वर्षाचा विम्याचा हप्ता त्यावर, आणि खात्यातून पूर्ण बिल आपोआप वळतं करायला सांगितलंय. मिनिमम नाही, पूर्ण. तो पर्याय फॉर्मवर खाली असतो, नीट बघून खूण करा. चादरी आता रोख.

आणि डेबिट कार्ड महिन्यातून एकदा. परवा एक तारखेला होटगी रोडच्या पंपावर गेलो, शंभराचं पेट्रोल घातलं आणि कार्ड पुढे केलं. पोरगा म्हणाला, "काका, शंभरासाठी कार्ड कशाला, यूपीआय करा की." मी म्हटलं, "नाही बाळा, घास तू." त्याने मशीन शोधायला पाच मिनिटं घेतली. मागे रांग लागली, हॉर्न वाजले. पावती घेतली आणि घरी येऊन डब्यात ठेवली. तो डबा कुठे असतो, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.