ऑफिस सुटतं, डोक्यातलं काम का सुटत नाही?

नमस्कार मंडळी! आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेले कित्येक आठवडे प्रत्येक व्हिडिओखाली तोच प्रश्न फिरून फिरून येतोय. मी मुलाखतीबद्दल बोलत असेन, राजीनाम्याबद्दल बोलत असेन, खाली कुणीतरी लिहितंच, "ताई, काम आवडतं, घरची माणसंही चांगली आहेत, पण मी दोन्हीकडे अर्धाच असतो. यावर बोला ना." तर आज त्यावरच बोलूया.

पाया पटकन उरकते, कारण तो तुम्ही रोज जगताच आहात. 1985 मध्ये जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल या दोन अभ्यासकांनी काम आणि कुटुंब यांच्यातल्या ओढाताणीचे तीन प्रकार मांडले. पहिला वेळेचा, म्हणजे मीटिंग लांबली आणि मुलीच्या शाळेतला कार्यक्रम हुकला. दुसरा ताणाचा, म्हणजे तुम्ही वेळेवर घरी पोचलात, पण अंगात काही उरलेलंच नाही. तिसरा वागण्याचा. दिवसभर हुकूम सोडायची सवय असलेला माणूस घरीही त्याच आवाजात बोलतो, तो हा प्रकार. आणि ही ओढाताण दोन्ही बाजूंनी चालते. काम घरात शिरतं, तसंच घरही कामात शिरतं. वडील दवाखान्यात असताना कुणाचं लक्ष समोरच्या फाइलीत लागेल? झाला पाया.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हा व्हिडिओ करतेय, तिथे येते. या तीन प्रकारांपैकी सगळा सल्ला पहिल्याच प्रकाराभोवती घुटमळतो. वेळेचं नियोजन करा, लवकर उठा, कॅलेंडरमध्ये कुटुंबासाठी वेळ राखून ठेवा. मागच्या व्हिडिओखाली एकांनी एका बाईंना हेच सुनावलं होतं, "मॅडम, टाइम मॅनेजमेंट शिका." त्या बाईंनी काय लिहिलं होतं, ते मी परत जाऊन वाचलं. त्या साडेपाचला घरी असतात. वेळ आहे त्यांच्याकडे! संध्याकाळभर मुलासमोर बसलेल्या असतात आणि तो काय सांगतोय ते ऐकूच येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. या बाईंना कॅलेंडर काय देणार?

तासांचा प्रश्न खोटा आहे, असं मी अजिबात म्हणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एकत्र अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे 17 टक्के जास्त असतो. एकट्या 2016 या वर्षात जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू अशा लांबलेल्या तासांशी जोडले गेले. तेव्हा तुम्ही आठवड्याला साठ-साठ तास राबत असाल, तर आधी तास कमी करून घ्या. पुढचं सगळं त्यानंतर. पण मला लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण रोज वेळेवर निघणारे आहेत, आणि तरीही पार पिळून निघालेले आहेत. त्यांच्याशी मी आता बोलतेय.

जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांनी कामानंतर माणूस पुन्हा भरून कसा येतो, यावर अनेक वर्षं काम केलंय. 2007 मध्ये शार्लट फ्रिट्झ यांच्याबरोबर त्यांनी चार गोष्टी मांडल्या: मनाने कामापासून सुटणं, शरीर-मन सैल सोडणं, कामाबाहेरचं काही नवं शिकणं, आणि आपल्या मोकळ्या वेळेवर आपला ताबा असणं. यातली पहिली सगळ्यात अवघड. खुर्चीतून उठलात म्हणजे कामातून उठलात असं होत नाही. आणि गंमत अशी, की कामाचा दिवस जितका जड, तितकं मनाने सुटणं कठीण. म्हणजे ज्या दिवशी सुटण्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्याच दिवशी ते जमत नाही. म्हणून "घरी आल्यावर कामाचा विचार करू नका" हा सल्ला मला पटत नाही. विचार कुणी हौसेने करतं का?

मग सुटायचं कसं? जे अर्धवट राहिलंय तेच डोक्यात घोळतं, हे तुम्हालाही माहीत आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचे 2011 मधले प्रयोग इथे उपयोगी पडतात. अपुरी राहिलेली उद्दिष्टं दुसरं काम करताना मध्येमध्ये डोकं वर काढत होती. पण ती कधी, कुठे, कशी पूर्ण करायची हे ठरवल्यावर ती लुडबूड कमी झाली. लक्षात घ्या, काम पूर्ण झालेलं नव्हतं. पुढची पायरी पक्की झाली होती, तेवढंच मनाला पुरलं.

म्हणून मी म्हणते, दिवसाची शेवटची दहा मिनिटं नवीन कामाला देऊ नका. ती बंद करायला ठेवा. वही घ्या आणि लिहा. कसं लिहायचं ते दाखवते, कारण इथेच सगळे घसरतात. "बिल बघणे" असं लिहिलंत तर रात्री ते बिल तुमच्या उशाशी येऊन बसणार. असं लिहा: "बिलातला फरक अजून सापडलेला नाही. ओळ 14 पर्यंत तपासलं. उद्या सव्वादहाला अकाउंट्सकडून मागच्या महिन्याचं स्टेटमेंट मागायचं, मग ओळ 15 पासून पुढे." कुठे थांबलो, उद्या पहिली हालचाल कोणती, किती वाजता, कुणाला विचारायचं. एवढं सगळं त्या ओळींत आलं पाहिजे. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल, पण मला कागदच बरा वाटतो. मोबाइलमध्ये लिहायला गेलं की समोर चार मेसेज दिसतात, आणि बंद करायला बसलेला माणूस पुन्हा कामाला लागतो.

आता हीच गोष्ट घरच्यांच्या बाजूने बघा. घरच्यांना तुमचं अर्धवट बिल दिसत नाही. त्यांना दिसतो तुमचा चेहरा. रीना रेपेटी यांनी 1989 मध्ये विमानतळावरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कामाचा भार जास्त असलेल्या दिवशी ही माणसं घरी आल्यावर जास्त अबोल, अलिप्त होत होती. जोडीदाराने समजून घेतलं, थोडं एकटं राहू दिलं, तर ते दूर होणं आणखी वाढत होतं आणि चिडचिड कमी होत होती. म्हणजे गप्प बसणं हा काही वेळा शरीराने शोधलेला विसावा असतो. पण घरच्यांना ते कळणार कसं? त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

माझी एक मैत्रीण नर्स आहे. अतिदक्षता विभागात असते. एका संध्याकाळी ती घरी येऊन नुसती बसून राहिली, तर तिच्या सात वर्षांच्या मुलाने विचारलं, "आई, तू माझ्यावर चिडलीयेस का?" तिने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. त्यानंतर तिने एक साधी गोष्ट सुरू केली. दारातून आत येताना ती सांगते, "आज दिवस जड होता. तुझ्यावर राग नाही. मला थोडा वेळ दे, मग मी तुझ्याकडे येते." आणि ती येते. हे "येते" फार महत्त्वाचं आहे, मंडळी. वेळ मागून घेतलीत आणि मग रात्रभर स्क्रीनमध्ये तोंड घालून बसलात, तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही. जोडीदारालाही हेच लागू. एकाचा ताण दुसऱ्याच्या अंगात उतरतो, यावर मीना वेस्टमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी भरपूर लिहिलंय. तुमच्या कंपनीत कधी पाऊलही न ठेवलेला माणूस तुमच्या कंपनीचा ताण झेलत असतो.

इथे एक कमेंट घेते. "मग काय, लग्न आणि मुलंच नकोत का?" असं एका तरुणाने विचारलंय, आणि मला त्याची काळजी वाटली. अरे बाबा, घर म्हणजे फक्त ओझं नव्हे. ज्या ग्रीनहाउस यांचं नाव मघाशी घेतलं, त्यांनीच 2006 मध्ये गॅरी पॉवेल यांच्याबरोबर दुसरी बाजू मांडली: एका भूमिकेत मिळालेलं बळ दुसऱ्या भूमिकेत कामी येतं. हट्ट करणाऱ्या मुलाला समजावताना जो संयम अंगात मुरतो, तोच चिडलेल्या ग्राहकासमोर उपयोगी पडतो. कामावर सपशेल हरून आलेल्या माणसाला घरी कुणीतरी "ये, बस" म्हणतं, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. घर हा आधार आहे. मात्र त्या आधारालाही कुणीतरी रोज सांभाळावं लागतं, आणि ते सांभाळणं बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येतं. ऑफिसची पाळी संपली की तिची घरची पाळी सुरू. अशा बाईला "थोडा वेळ स्वतःसाठी काढा" म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या हातातलं एक काम कायमचं आपल्याकडे घ्यावं. मदत म्हणून नको, जबाबदारी म्हणून. मुलाची लस कधी आहे हे तिने लक्षात ठेवायचं, आठवण करायची आणि मग तुम्ही घेऊन जायचं, ही निम्मीच वाटणी झाली. लक्षात ठेवण्याचं कामही तुम्ही घ्या.

आता साहेब लोकांकडे वळते, कारण ते लोकही हा चॅनल बघतात. तुम्ही रात्री दहाला ग्रुपवर लिहिता, "घाई नाही, उद्या बघितलं तरी चालेल." तुमचा हेतू चांगला असेल. पण समोरच्याने तो मेसेज रात्री दहालाच वाचलेला असतो, आणि दहा वाजता त्याच्या डोक्यात तुम्ही एक अर्धवट काम टाकलंत. वर सांगितलेलं सगळं आठवा. त्याने संध्याकाळी सहाला वही बंद केली होती, ती तुम्ही उघडलीत. विल्यम बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात तर असं दिसलं, की प्रत्यक्ष ईमेल किती आले याच्याही पलीकडे, "कधीही येईल, बघावं लागेल" ही अपेक्षाच कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही अस्वस्थ ठेवते. मेसेज सकाळच्या वेळेला लावून ठेवायची सोय बहुतेक ईमेलमध्ये असते. वापरा ना ती! कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये 2017 पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात तो 2024 मध्ये आला. तुम्ही कायद्याची वाट बघू नका.

आणि कृपा करून त्या वेलनेसच्या सत्रांचा अट्टहास थांबवा. मला एकांनी लिहिलंय, त्यांच्याकडे ताणमुक्तीचं सत्र कामाची वेळ संपल्यावर ठेवलं होतं, हजेरी सक्तीची! लोक घरी जाण्यासाठी घड्याळाकडे बघत बसले होते. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. कर्मचाऱ्यांचं बरं व्हावं असं वाटत असेल, तर त्यांच्या हातात थोडा ताबा द्या. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्येच दाखवलं होतं, की मागण्या जास्त आणि निर्णयाची मोकळीक कमी, ही जोडी सगळ्यात वाईट. पुढे एरिन केली आणि फिलिस मोएन यांच्या चमूने एका मोठ्या कंपनीच्या आयटी विभागात प्रयोग केला. काही गटांना कधी आणि कुठून काम करायचं यात जास्त वाव दिला, आणि त्यांच्या मॅनेजरना कर्मचाऱ्यांच्या घरच्या अडचणीत साथ द्यायला शिकवलं. बाकीचे गट नेहमीसारखेच चालले. बदल मिळालेल्या गटांमध्ये बर्नआउट आणि ताण कमी झाला, कामातलं समाधान वाढलं.

बर्नआउटवरून आठवलं. "मला बर्नआउट झालाय, गोळी सांगा," अशा कमेंट येतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या दिली, ती कामाच्या ठिकाणच्या, न सावरलेल्या दीर्घ ताणाची. तीन खुणा: थकून रिकामं होणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही. पण झोप उडाली असेल, जगण्यातला रस गेला असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते बर्नआउट आहे की आणखी काही, हे माझ्या व्हिडिओवरून ठरवू नका. डॉक्टरांकडे जा, आणि या आठवड्यातच जा.

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनो, तुमचा प्रश्न मी टाळलेला नाही. ज्यांना पुढच्या आठवड्याची पाळी आदल्या दिवशी कळते, त्यांचं ना वहीने भागणार, ना दारातल्या वाक्याने. त्यांना वेळापत्रक आधी मिळायला हवं, तेही लेखी. तुमच्याकडे ते किती दिवस आधी लागतं आणि अदलाबदल करायची असेल तर कुणाची परवानगी लागते, एवढं मला कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव लिहू नका. त्यावरून पुढचा व्हिडिओ पूर्ण पाळीवाल्यांसाठी करते.